मत काकांचं, फुली लेकीची

मी मत कुणाला द्यायचं हे माझ्या जन्माच्या आधीच ठरलं होतं. आडनाव, कुलदैवत आणि पक्ष या तीन गोष्टींबद्दल आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. मतदार यादीत पहिल्यांदा नाव लागलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "सकाळच्या पारी जाऊन ये, मागून लय ऊन व्हतं." कुणाला द्यायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे मी डिप्लोमा केला, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गिअर तपासायच्या कामाला लागलो, टपरीवर लोकशाहीबद्दल बोलायला लागलो की समोरच्याचा चहा गार व्हावा इतपत वर्तमानपत्रंही वाचली. पण दर निवडणुकीला सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी जायचं आणि आजोबांनी ठरवलेलं बटण दाबून परत यायचं, यात काही फरक पडला नाही. मी स्वतंत्र विचाराचा माणूस आहे अशी माझी जी समजूत होती, तिला पहिला धक्का दिला तो या देशात मतच नसलेल्या एका गृहस्थांनी. ते माझे घरमालक होते. ते गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत त्यांना लंडनकाका म्हणत. लंडनशी त्यांचा संबंध विमानतळापुरता होता. ऐन तारुण्यात ते इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका गावी गेले, तिथल्या ओतशाळेत लोखंड वितळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि बायको गेल्यावर ते नाशिकला परत आले. "मला लंडनचा म्हणणं म्हणजे तुला मुंबईकर म्हणण्यासारखं आहे," ते चिडून सांगत. कॉलनीला त्याचं काही नव्हतं. परदेशातून आलेला माणूस लंडनचाच असतो.

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तेव्हा मनाची तयारी करून गेलो होतो. मांसाहार करता का, मित्र किती येतात, पाणी किती लागतं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं जिभेवर होती. काकांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "मत कुणाला देता?"

मी जरा ऐटीतच म्हणालो, "मत गुप्त असतं, काका."

"अरे वा. आणि वडिलांचं?"

"त्यांचं... तेच."

"आजोबांचं?"

"तेच."

"मग गुप्त काय राहिलं?"

मला वाटलं, खोली गेली. पण काका खूश झाले होते. आतून दोन मोठे मग भरून काळाकुट्ट चहा आणला, त्यात नावापुरतं दूध टाकलं आणि म्हणाले, "सामान कधी आणतोस?" त्या दिवसापासून ते मला माझ्या नावाने न हाकारता तालुक्याच्या नावाने हाकारू लागले. "काय सिन्नर, उठलास का?" अशी सकाळी जिन्यातून हाक यायची. मलाही ती सवय झाली. कारखान्यात कुणी सिन्नर एमआयडीसीचा विषय काढला तरी मी 'ओ' द्यायचो.

काकांच्या जगात माणसांच्या दोनच जाती होत्या, मजुरांच्या पक्षाची आणि हुजुरांच्या पक्षाची. तिकडच्या दोन मोठ्या पक्षांची ही मराठी बारशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी कधीच करून ठेवली आहेत, आणि काकांना ती फार आवडत. मजुरांचा रंग लाल, हुजुरांचा निळा. पण काका तेवढ्यावर थांबत नसत. मिसळ मजुरांची, तिच्यावर दही आणि पापड घेतला की हुजुरांची. पंखा मजुरांचा, एसी हुजुरांचा. मी हप्त्यावर कूलर आणला तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि "तळ्यात मळ्यात" असा निकाल दिला. मी स्वतः कोणत्या बाजूचा हे मात्र त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. "तू तुझ्या बापाच्या बाजूचा," ते म्हणायचे.

ते स्वतः लाल होते. साधेसुधे नव्हे, नखशिखांत. मतदानाच्या दिवशी, मग ते तिकडचं असो की इकडचं, ते कोट घालत, लाल टाय लावत आणि छातीवर गणेश मंडळाच्या उरलेल्या साटिनच्या फितीचं लाल फूल टाचत. एकदा तिकडच्या मतदानाच्या दिवशीच इकडे सुरगाण्याकडून लाल झेंड्यांचा मोर्चा आला होता. काका नेमके त्याच वेशात रस्त्याच्या कडेला उभे. मोर्चातल्या माणसांनी त्यांना आपलाच कुणीतरी थकलेला पुढारी समजून पाणी पाजलं आणि हातात झेंडा दिला. काका थेट द्वारका चौकापर्यंत त्यांच्याबरोबर चालले. संध्याकाळी पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसले होते. मी म्हटलं, "काका, ते वेगळे लाल."

"पाय दुखतात तेव्हा सगळे लाल सारखेच," ते म्हणाले.

हा लाल रंग त्यांना बापाकडून आलेला नव्हता. त्यांचे वडील पंचवटीतले साधे दुकानदार. राजकारण म्हटलं की शटर खाली ओढणारे. काकांना त्यांचं मत मिळालं ते एका गोऱ्या म्हाताऱ्याकडून. ही गोष्ट ते वर्षातून एकदा तरी सांगत, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशी सांगत.

ओतशाळेत काका नवीन होते. इंग्रजी यथातथाच, थंडी हाडांत शिरणारी, आणि पाळीवरचा मुकादम हा म्हातारा. काका त्याला म्हाताराच म्हणत, त्यामुळे त्याचं नाव मला कधी कळलं नाही. एक दिवस पाळी सुटल्यावर म्हाताऱ्याने काकांचा दंड धरला आणि चालायला लावलं. काकांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं, आता साहेबापुढे उभं करणार. दोघांची तोंडं काजळीने काळी. म्हाताऱ्याने त्यांना नेलं ते चर्चच्या मागच्या एका सभागृहात. तिथे टेबलं मांडलेली, कागद वाटणं चाललेलं. राष्ट्रकुलातल्या माणसाला तिकडे राहायला लागलं की मत देता येतं, हे काकांना तोवर ठाऊकच नव्हतं. म्हाताऱ्याने परस्पर त्यांचं नाव नोंदवून ठेवलं होतं.

"कागद हातात घेतला," काका सांगत, "आणि बघतो तर नुसती नावं! चिन्हच नाही रे एकही! बैल नाही, झाड नाही, दिवा नाही. तेव्हा तिकडे कागदावर पक्षसुद्धा छापत नसत. मी मागे वळून ओरडलो, चिन्ह कुठंय? मराठीत!" म्हाताऱ्याला आडोशाच्या आत यायची परवानगी नव्हती. त्याने बाहेरूनच दोन बोटं वर केली. दुसरं नाव. काकांनी दुसऱ्या नावापुढे फुली मारली. तिथे शिक्का नसतो, पेन्सिलने फुली मारतात.

परतताना म्हाताऱ्याने सांगितलं की माझ्या बापाने याच पक्षाला मत दिलं, त्याच्याही बापाने मत मिळाल्या दिवसापासून याच पक्षाला दिलं. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे हे मत कोण देणार अशी मला काळजी होती. आता तू देशील. काकांनी मान डोलावली. अर्धं बोलणं कळलंच नव्हतं. पण मान डोलावली ती डोलावली, आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला फुली तिथेच पडली.

"पण काका, उमेदवार कसा आहे ते तरी बघायचात ना?" मी एकदा शहाणपणाने विचारलं.

"आमच्याकडे म्हणायचे, लाल फीत बांधून गाढव उभं केलं तरी निवडून येईल. तुमच्याकडे?"

"दगड."

"मग गाढव बरं. निदान ओरडतं तरी."

काकांचा पासपोर्ट ब्रिटिश होता, त्यामुळे नाशिकमध्ये राहून त्यांना नाशिकचं मत नव्हतं. नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना ते रोज सकाळी पेपर वाचताना शिव्या घालत, पण निवडून द्यायचा किंवा पाडायचा अधिकार नाही. मत होतं ते तिकडचं. ते पोस्टाने जायचं, आणि कधीकधी निकाल लागल्यावर पोचायचं. पुढे तेही संपलं. परदेशात पंधरा वर्षं काढली की तिकडच्या मतावरचा हक्क जायचा, असा तेव्हा त्यांचा कायदा होता.

त्या दिवसांत मी एकदा कामावरून आलो तर काकांच्या देवाला फूल नव्हतं, दाढी वाढलेली, टीव्ही बंद. शेजारच्या काकू हळू आवाजात म्हणाल्या, "सुतक आहे म्हणे." मला वाटलं तिकडे कुणीतरी गेलं. दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून, चेहरा लांब करून त्यांच्यासमोर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने धीर करून विचारलं, "कोण वारलं, काका?"

"माझं मत," काका म्हणाले.

ती अर्धी रजा माझ्या खात्यात आजही 'कौटुंबिक कारण' म्हणून पडलेली आहे. आणि काही वर्षांनी तो कायदा बदलला, पंधरा वर्षांची अट निघाली, तेव्हा काकांनी कॉलनीत घरोघर पेढे वाटले. बायकांनी विचारलं, नातू की नात? "मत मिळालं," काका म्हणाले. त्यावर समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी त्यांना हार घातला आणि प्रभाग कोणता असं विचारलं. अट काढली होती ती हुजुरांच्या सरकारने. मी हे काकांच्या निदर्शनास आणून दिलं. "त्यांचेच पेढे खाऊन त्यांनाच पाडणार," काका म्हणाले आणि मला आणखी एक पेढा दिला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आपली लोकसभेची निवडणूक आली. काका म्हणाले, "मला तुझ्या गावचं मतदान बघायचंय." मी मित्राची गाडी मागून घेतली. मनात माझा एक डाव होता. काका इतकी वर्षं विलायतेत राहिलेले, वडील त्यांचं ऐकतील. बापाच्या मागून मत देण्याची ही आमची मेंढरांसारखी रीत कुणीतरी बाहेरच्या माणसाने त्यांना समजावून सांगावी. मला स्वतःला तर ते धाडस नव्हतं.

मे महिन्याच्या उन्हात कोट आणि लाल टाय घातलेला माणूस गाडीतून उतरलेला बघून आमच्या ओट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. वडिलांनी स्वतः पाणी दिलं.

"साहेब, तुमच्याकडं कसं राहतं मतदान?" वडिलांनी विचारलं.

"तुमच्याकडे कसं?"

"आमच्या घरात मत फुटत नाय. बापाचं तेच पोराचं."

"अगदी बरोबर," काका म्हणाले. "आमच्याकडेही तसंच."

वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं, की शेवटी तू एक तरी कामाचा माणूस घरी आणलास. पुढे तासभर दोघांचं इतकं जमलं की मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर दोघांनीही मला थांबवलं.

त्या वर्षी आमच्या घरापुढे खरं संकट होतं. पक्षच उभा फुटला होता. आजोबांपासून ज्या चिन्हावर आमचं मत पडायचं ते चिन्ह एका गटाकडे गेलं होतं, आणि आजोबांचा ज्यांच्यावर जीव होता ती माणसं नव्या चिन्हावर लढत होती. भावकी दोन दिवस मारुतीच्या पारावर बसली आणि निर्णय झाला. चिन्ह नाही, माणसं. वडील घरातल्या एकेकाला समोर बसवून सांगत होते. "जुन्याकडं बघायचंच नाय. नवं ध्यानात ठेवा. चिन्ह गेलं त गेलं, माणूस नाय सोडायचा." आईकडून आणि चुलतीकडून त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मला मात्र काही सांगितलं नाही. "तू शिकेल हायस," म्हणाले.

काका केंद्राबाहेर, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबले. पोलिसाने विचारलं, "आजोबा, मतदान करायचंय का?" काका म्हणाले, "माझं मत इंग्लंडमध्ये आहे." पोलिसाने त्यांना ऊन लागलं असं समजून सावलीत खुर्ची दिली.

मी आत गेलो. यंत्रासमोर उभा राहिलो. सगळी नावं नीट वाचली, आता आपण विचारपूर्वक मत देतोय असा चेहराही केला. आणि तेवढ्यात ते जुनं चिन्ह दिसलं. लहानपणी आमच्या भिंतीवर, बैलगाडीवर, आजोबांच्या टोपीवर पाहिलेलं. माझं बोट माझ्या आधी तिथे पोचलं होतं. काचेमागची चिठ्ठी खाली पडेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. केसाच्या जाडीचा फरक धरून गिअर नाकारणारा मी, सगळ्या भावकीत एकटा मीच चुकलो होतो. चुलती, जिला सही येत नाही, ती बरोबर दाबून आली होती.

परतीच्या वाटेवर मोहदरीचा घाट उतरताना मी काकांना हे सांगितलं. ते इतके हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग डोळे पुसत म्हणाले, "बोटाला वळण असतं रे." आणि नंतर नाशिक येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. निकालाच्या दिवशी वडिलांनी फोन करून आमच्या घरातून एकही मत फुटलं नसल्याचं मला अभिमानाने सांगितलं, तेव्हा मी त्यांचं अभिनंदन केलं.

काका का गप्प झाले ते मला लवकरच कळलं. माझ्या बोटावरची शाई पुसट व्हायच्या आत तिकडची निवडणूक जाहीर झाली, तीही अचानक. पोस्टाने कागद येऊन परत जाण्याइतका वेळ नव्हता. एकच वाट उरली होती. तिकडच्या कुणाला तरी आपल्या वतीने मत द्यायला नेमायचं. त्या माणसाने केंद्रावर जाऊन आपल्या नावाचा कागद मागायचा आणि आपण सांगू तिथे फुली मारायची. काकांची एकुलती एक लेक त्याच गावात, त्याच जुन्या घरात राहत होती. तिचं औषधांचं दुकान होतं. केंद्रही तेच होतं, चर्चच्या मागचं सभागृह. यापेक्षा सोयीचं काय असणार? पण महिनाभरापूर्वी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर काकांना तिच्या कोटावर एक फूल दिसलं होतं. निळं.

"हे काय लावलंयस?" काकांनी विचारलं होतं. मी तिथेच होतो, फोन धरून.

"मी त्यांच्यासाठी काम करतेय, बाबा. दारोदार जातेय." तिचं मराठी आईच्या स्वयंपाकघरातलं होतं, थोडं परकं, पण स्वच्छ.

"आपल्या घरातून?"

"बाबा, तुमची ओतशाळा बंद पडली तेव्हा तुमचे लाल कुठे होते? एकाने तरी दार वाजवलं? तुमचं मत कुठे जाणार हे त्यांना माहीत होतं. माहीत असलेल्या दारावर कोण येतं?"

मला आमच्या गावचा रस्ता आठवला; मतं ठरलेलीच म्हणून तो आजवर कुणी केलेला नाही. काकांनी फोन बंद केला आणि नंतर बरेच दिवस लेकीशी बोलले नाहीत. फक्त रोज संध्याकाळी मला वर बोलवून विचारायचे, "बघ रे, ती शेवटची केव्हा दिसलीय फोनवर?" मी सांगायचो, आत्ताच. "मग ठीक आहे," म्हणायचे.

आता त्यांच्यापुढे प्रश्न होता. लाल पक्षाच्या तिथल्या कचेरीत त्यांनी फोन लावला. एक मुलगा अगदी गोड बोलला; म्हणाला, काळजी नको, आमचा एखादा कार्यकर्ता तुमच्या वतीने मत देईल. त्यासाठीचा अर्ज इंटरनेटवर भरायचा होता. भारतीय लोकशाहीने आजवर माझं फक्त एक बोट मागितलं होतं. ब्रिटिश लोकशाहीने माझा लॅपटॉप, वायफाय आणि रविवार मागितला. मी टाइप करत करत त्या रकान्यापाशी आलो. "कुणाचं नाव टाकू?"

काका खिडकीशी गेले, पडदा सारखा करून आले. मग म्हणाले, "पोरीचं."

"पण काका, ती तर..."

"माहीत आहे. टाक."

"आणि तिचं माझ्यासारखं झालं तर? हात गेला सवयीने निळ्याकडे तर?"

"तेच डोक्यात आहे माझ्या, त्या घाटापासून," ते म्हणाले. "टाक तू."

अर्ज गेला. मग त्यांनी लेकीला फोन लावला. उन्हाळाभर जो फोन लावायचा राहिला होता तो. मी उठायला लागलो तर हाताने बसवलं. सरळ मुद्द्यावर आले. तिनेही आडपडदा ठेवला नाही.

"बाबा, ज्याला पाडायला मी पावसात फिरतेय, त्याच्यापुढे मीच फुली मारू?"

"तुझी नको मारूस. माझी मार."

"आणि नाहीच मारली तर? तुम्हाला कसं कळणार?"

"नाही कळणार."

"मग मला का सांगताय? त्या लोकांपैकी कुणाला तरी सांगा की."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांच्यातल्या एखाद्याला सांगितलं असतं तर त्याने खरंच मारली का, या विचाराने मला झोप लागली नसती. तुला सांगितलं की लागेल."

मग ती म्हणाली, "दुकानात गिऱ्हाईक आलंय," आणि फोन ठेवला. ना हो म्हणाली, ना नाही. त्या रात्री काका झोपले की नाही मला माहीत नाही. सकाळी विचारल्यावर "झकास" म्हणाले आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

मतदानाचा दिवस उजाडला. तिकडे सकाळ होते तेव्हा आपल्याकडे दुपार व्हायला आलेली असते. मी रजा घेतली होती; कारण काय लिहावं हे न सुचून पुन्हा 'कौटुंबिक' लिहिलं. काका सकाळपासून कोट, टाय, लाल फूल असे सजून बसले होते. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून समोर उभा केला होता. बाहेर भुरभुर चालू होती. मी दहावीच्या निकालाच्या दिवसासारखा उगाचच दर पाच मिनिटांनी फोनची रेंज तपासत होतो. इतकी धाकधूक मला माझ्या स्वतःच्या मताबद्दल कधी वाटली नव्हती, आणि वाटायचं कारणही नव्हतं.

फोन वाजला. ती सभागृहाच्या बाहेर उभी होती. कोटावर निळं फूल नव्हतं.

"दिलं, बाबा."

"बरं," काका म्हणाले. "दुकान उघडलंस?"

"विचारणार नाही?"

"नाही."

"मीच सांगते मग. दोन कागद मिळाले. आधी तुमचा घेतला. पेन्सिल त्या नावापर्यंत नेली आणि हात पुढे जाईना. मागे रांग. मला रडायलाच आलं, बाबा. मग मारली फुली. तुमच्या लालपुढेच मारली. नंतर माझा कागद घेतला, तो निळ्याला." ती हसली, पण नाक लाल झालं होतं. "दोन्ही मतं एकमेकांना खाऊन गेली. मी घरी झोपून राहिले असते तरी चाललं असतं."

"नसतं चाललं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. मी खिडकीबाहेर बघू लागलो. परक्या देशाच्या निवडणुकीत, निकालही लागायचा असताना, मी खिशात रुमाल शोधत होतो.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "पुढच्या वेळेला माझं मत नको देऊस. एकदा दिलंस, पुष्कळ झालं. तुझं तू दे, जिथे पटेल तिथे. म्हाताऱ्याला काय सांगायचं ते मी सांगेन."

"म्हातारा केव्हाच गेला की, बाबा."

"म्हणून तर म्हणतोय."

तिला ते कळायला क्षणभर वेळ लागला. मग ती रस्त्यातच थांबली आणि ओरडलीच जवळजवळ. "असं काही बोलायचं नाही. पाच वर्षांनी मी पुन्हा इथेच येणार आणि कितीही राग आला तरी तुमची फुली लालपुढेच मारणार. तुम्ही फक्त असायला पाहिजे. माणूस गेला की त्याचं मत दुसऱ्याला देता येत नाही, बाबा, तसा कायदाच आहे. पाच वर्षं. कबूल करा."

काकांनी ओठ घट्ट मिटले. मान हलवली, हो की नाही ते तिला दिसलं नसावं, मलाही दिसलं नाही. तिने दोनदा "कबूल?" असं विचारलं, आणि मग तिची बस आली.

फोन काळा झाल्यावरही ते त्याच्याकडे बघत बसले होते. मग रुमालाने डोळे पुसले, टाय सैल केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या निळ्यांचं हे असंच असतं बघ. नको ती आश्वासनं मागतात."